घाट चढताना गरम होणारा ट्रेलर: कळंबोली ते खंडाळा, कामाच्या नोंदी

६ मार्च २०२४

तीन नंबरची गाडी यार्डात घेतली. चाळीस फुटी कंटेनर ओढणारा हॉर्स (इंजिन-केबिनचा पुढचा भाग), मागे तीन अ‍ॅक्सलचा ट्रेलर. सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन, १८० एचपी, बीएस-४. न्हावा शेवाहून प्लॅस्टिकचा दाणा भरायचा आणि एक्स्प्रेसवेने चाकण, हा तिचा नेहमीचा धंदा. वजनकाट्याच्या पावतीवर गाडीसकट ३९,६४० किलो. पासिंगच्या आत, म्हणजे ओव्हरलोडचा विषय नाही.

तक्रार ड्रायव्हर आबांच्याच शब्दांत लिहून घेतली. "खालापूर टोलपर्यंत तापमानाचा काटा मधोमध, हलायचं नाव नाही. खोपोली एक्झिट मागे पडली की सरकायला लागतो. आडोशीचा बोगदा झाला की वर वर जातो आणि अमृतांजनच्या अलीकडच्या वळणाला लालला टेकतो. मग दिवा लागतो, गाडी पिकअप सोडते. लोणावळ्याच्या सपाटीला लागलो की दहा मिनिटांत काटा जाग्यावर." अमृतांजनचा पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला, पण घाटातली ती जागा सांगायला ड्रायव्हर लोकांना दुसरं नाव नाही.

पाणी कमी होतं का विचारलं. "थेंब नाही कमी होत."

आधी एका गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप), रेडिएटरची कॅप आणि कूलंट बदलून झालंय. रेडिएटर उतरवून रॉडिंगही (नळ्या आतून सळईने साफ करणं) केलंय. बिल मोठं, फरक शून्य. शेठचं म्हणणं, वजनच एवढं आहे तर इंजिन गरम होणारच, दोन टन कमी भरू.

काटा किती वर गेला यापेक्षा तो कसा गेला हे मला आधी हवं असतं. झटक्यात वर, झटक्यात खाली असा नाचत असेल तर पाण्यात हवा अडकलीय, नाहीतर हेड गॅस्केटमधून (सिलिंडरच्या झाकणाखालच्या पॅकिंगमधून) गॅस पाण्यात शिरतोय. सिग्नलला उभं राहिल्यावर चढत असेल तर फॅन. सपाटीला वेगात चढत असेल तर पाणी पुरेसं फिरत नाहीये. इथे काटा हळू चढतो, हळू उतरतो आणि पाणी जात नाही. इंजिन जेवढी उष्णता करतंय त्यातली थोडी बाहेर टाकायची राहतेय आणि ती अर्धा तास साठत जातेय. फुटलंय काहीच नाही. कुठेतरी काहीतरी कमी पडतंय.

७ मार्च

सकाळी गाडी पूर्ण थंड असताना तपासणी. केबिन उचलली.

वरच्या होजला हात लावून सेल्फ मारला. गॅस्केट गेलेलं असेल तर पाणी गरम व्हायच्या आत, पहिल्या एक-दोन मिनिटांतच होज दगडासारखा टणक होतो. तसं झालं नाही. मग गॅस टेस्टचं निळं पाणी रेडिएटरच्या तोंडावर लावून इंजिन चालू ठेवलं. सिलिंडरमधला गॅस पाण्यात येत असेल तर ते पिवळं पडतं. निळंच राहिलं. हेड उघडायचा खर्च इथेच टळला. आमचे जुने मिस्त्री गाडी आली तेव्हापासून "हेड उतरवा" म्हणत होते.

कॅप हातपंपावर तपासली, तिच्यावर लिहिलेला दाब तिने धरला. ही कॅप क्षुल्लक वाटते, पण सिस्टीममध्ये एक बार दाब असेल तर पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही आणि दाब नसेल तर शंभरालाच उकळतं. आपल्या घाटांची उंची सहाशे मीटरच्या आसपास, तिथे उत्कलनबिंदू जेमतेम दोन अंशांनी उतरतो. लडाखला जाणाऱ्या गाड्यांची गोष्ट वेगळी. चार हजार मीटरवर उघडं पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं, तिथे खराब कॅप म्हणजे गाडी उभी राहिलीच.

इंजिन रेस करून खालचा होज पाहिला. आतली स्प्रिंग जागेवर आहे, पंपाच्या ओढीने चपटा होत नाही.

कूलंटचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकला: ग्लायकॉल ६५ टक्क्यांच्या पुढे. कोणीतरी पाणी न मिसळता नुसतं कॉन्सन्ट्रेट ओतलंय. जास्त कूलंट म्हणजे जास्त थंडावा हा समज बाजारात पक्का बसलाय. ग्लायकॉल उकळणं आणि गोठणं लांबवतं, गंज रोखायची रसायनं त्याच्यासोबत येतात, पण उष्णता वाहून न्यायला पाणीच त्याच्यापेक्षा सरस. कळंबोलीत गोठायची भीती कोणाला? निम्मं-निम्मं भरपूर झालं.

तरीही आज कूलंट बदललं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने काय झालं ते शेवटपर्यंत कळत नाही. शेठना हे पटलेलं नाही. त्यांना गाडी उद्या लोडिंगला हवी.

९ मार्च

आज गाडीबरोबर घाटात गेलो. यार्डात रिकामी गाडी तासभर रेस करून ठेवली तरी हा फॉल्ट दिसणार नाही. उभ्या गाडीत इंजिनवर लोडच येत नाही.

तयारी अशी: डायग्नोस्टिक सॉकेटला स्कॅनर. रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या होजवर तापमान मोजायच्या दोन वायरी (के-टाइप, मीटरसकट बाजारात स्वस्तात मिळतात), वर फोमचा तुकडा आणि टेप, जेणेकरून बाहेरची हवा लागू नये. वायरी केबिनच्या फ्लोअरमधून वर घेतल्या. बाहेरच्या हवेसाठी साधा थर्मामीटर आरशाच्या मागे सावलीत. इन्फ्रारेड गनही घेतली, पण चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर ती खोटं बोलते. काळी टेप चिकटवून तिच्यावर मारावी लागते. थर्मोस्टॅट हाउसिंगवर तशीच मारून पाहिली, स्कॅनरचा आकडा आणि गनचा आकडा जुळला. म्हणजे सेन्सर ठीक, डॅशबोर्डचा काटा खरं सांगतोय.

खालापूर टोल: हवा ३७, पाणी ८७.
खोपोली एक्झिट: पाणी ८९.
आडोशी बोगदा संपला: ९५.
त्यानंतरच्या चढावर १००, मग १०४.
अमृतांजनच्या खाली: हवा ३५, पाणी १०६. दिवा लागला, ईसीएमने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) डिझेल कापलं.

वेग १४ ते १७ किमी. आबांचा पाय पूर्ण दाबलेला, गाडी वरच्या गिअरला, १२५० आरपीएमवर रडत चाललेली.

यातले दोन आकडे माझ्या कामाचे.

पहिला होजचा. वर १०६, खाली ९९, फरक सात अंशांचा. पंप पुरेसं पाणी फिरवत नसता तर ते रेडिएटरमध्ये रेंगाळलं असतं आणि फरक पंधरा-वीसवर गेला असता. पाणी भरपूर फिरतंय, पण थंड न होता परत येतंय. म्हणजे रेडिएटरच्या आतली बाजू बरी. कमी पडतेय ती बाहेरची, हवेची बाजू. वॉटर पंप काढायचा नाही.

दुसरा आकडा मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळीत) जाणाऱ्या हवेचा: ८४ अंश. बाहेर ३५ असताना इंटरकूलरमधून (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) निघणारी हवा पन्नाशीच्या शेवटी असायला हवी. इंटरकूलरमध्ये पाणी नसतं, तो नुसता समोरच्या वाऱ्यावर चालतो. तोही गरम आणि त्याच्या मागचा रेडिएटरही गरम, तर दोघांचा वाराच कुठेतरी अडतोय. तासाला साठ किमी वेगात समोरून आपोआप वारा येतो म्हणून खालापूरपर्यंत सगळं शांत. पंधराच्या वेगात सगळा वारा फॅनला ओढावा लागतो. आणि फॅनचा तो दणदणीत आवाज, जो केबिनमध्ये बोलणं अवघड करतो, तो चढात कुठेच ऐकू आला नाही.

दिवा लागल्यावर गाडी रेंगाळत वर खंडाळ्याच्या पुढे सुरक्षित जागी नेली आणि मगच थांबवली. घाटाच्या वळणात शोल्डरवर ट्रेलर उभा करणं हे इंजिन गमावण्यापेक्षा वाईट. थांबल्यावर इंजिन बंद करायचं नाही, हजार-अकराशेवर चालू ठेवायचं. बंद केलं की पंप थांबतो आणि हेडमधली उष्णता जागच्या जागी पाणी उकळवते. कॅपला तर हातच लावायचा नाही. आबांना हे माहीत आहे, पण नवीन क्लीनर पोरगा बाटली घेऊन खाली उतरलाच होता.

हीटरचा उपायही सांगून ठेवला. केबिनचा हीटर फुल चालू केला तर तो छोट्या रेडिएटरचं काम करतो, चार-दोन अंश खाली येतात. आबा म्हणाले, "मार्चात हीटर लावून घाट चढण्यापेक्षा मी शिंगरोबाला दोन नारळ जास्त देतो." शिंगरोबाचं देऊळ जुन्या घाटरस्त्यावर आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणून त्याची कथा सांगतात, आणि चढणारा ड्रायव्हर तिथे नाणं टाकल्याशिवाय पुढे जात नाही.

१० मार्च

शेठच्या "वजन कमी करू"वर रात्री कागदावर हिशेब मांडला. इथे लिहून ठेवतो, कारण हा वाद प्रत्येक उन्हाळ्यात होतो.

खोपोली ते खंडाळा साधारण पाचशे मीटरचा चढ. चाळीस टन पाचशे मीटर उचलायचे म्हणजे सुमारे ५४ युनिट ऊर्जा, नुसती उचलायची. १८० एचपी म्हणजे १३२ किलोवॅट. गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि फॅनचं वजा जाता चाकापर्यंत ११० च्या आसपास पोहोचतात. सहा टक्क्यांच्या चढाला चाळीस टन तेवढ्यात ताशी पंधरा किमीने चढतात. काल मोजलेला वेगही तोच. म्हणजे इंजिन पूर्ण ताकद देतंय, त्याच्यात दोष नाही.

आता उष्णता. डिझेलच्या ऊर्जेतला ४० टक्के भाग कामाला लागतो, मोठा हिस्सा सायलेन्सरमधून जातो आणि पाव हिश्श्याच्या आतबाहेर पाण्यात उतरतो. पूर्ण पाय दाबलेला असताना पाण्यातून ७५ ते ८० किलोवॅट बाहेर काढावे लागतात. बाथरूममधले दोन किलोवॅटचे चाळीस गिझर अर्धा तास एकदम चालू ठेवावेत, एवढी ही उष्णता.

पण मुद्दा पुढेच आहे. मागे ३९ टन असोत की २९, पाय पूर्ण दाबलेला आणि आरपीएम तोच असेल तर इंजिन मिनिटाला तेवढंच डिझेल जाळतं आणि तेवढीच उष्णता करतं. १८० एचपीच्या इंजिनातून २०० एचपीची उष्णता येणार नाही. वजन कमी केलं तर गाडी जास्त वेगाने चढेल, घाट लवकर संपेल, समोरचा वारा थोडा वाढेल. कूलिंगची मांडणी कारखान्यात करताना पूर्ण ताकदीचाच विचार केलेला असतो, तोही उन्हाळ्याच्या हवेत. म्हणून पासिंगच्या आतलं वजन घेऊन गाडी गरम होत असेल तर वजनाकडे बोट दाखवून भागत नाही. नवी असताना हीच गाडी हाच घाट एप्रिलमध्ये चढत होती.

दुसरं, काट्याचा आकडा एकटा लिहून उपयोग नाही. जानेवारीचे ९५ आणि मे महिन्याचे ९५ वेगळे. थर्मोस्टॅट पूर्ण उघडलेला असताना पाण्याचं तापमान हवेच्या वर ठरावीक अंतरावर राहतं. म्हणून आजपासून "पाणी वजा हवा" लिहायचं. कालचा आकडा १०६ वजा ३५, म्हणजे ७१. बाहेर ४२ असेल तर हीच गाडी ११३ वर जाईल.

मिस्त्रींचा प्रस्ताव होता की थर्मोस्टॅटच काढून टाकू. नाही म्हटलं. ९५ च्या पुढे तो तसाही पूर्ण उघडा असतो, काढून चढात काही मिळणार नाही. शिवाय बऱ्याच इंजिनांमध्ये तो उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटर टाळून परत इंजिनात जातो, आणि गाडी आणखी तापते.

१२ मार्च

फॅन. हा विस्कस कपलिंगचा आहे. मधल्या डब्यात सिलिकॉन तेल, समोर दोन धातूंच्या पट्टीची स्प्रिंग. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की स्प्रिंग वळते, झडप उघडते, तेल खाचांत शिरतं आणि पंखा पुलीबरोबर फिरायला लागतो. थंड असताना तो सैल फिरतो, डिझेल वाचतं.

थंड इंजिनवर हाताने फिरवला: फारच सैल, झटका दिला तर दोन-तीन फेऱ्या मारतो. हबच्या भोवती तेलाचा काळपट डाग, त्यावर धूळ बसलेली. स्प्रिंगच्या खाचेत वाळलेला चिखल. एका पात्यावर पांढरा ठिपका काढून टॅकोमीटर लावला. रेडिएटरच्या पुढे पुठ्ठा धरून पाणी ९८ पर्यंत नेलं. पुली १७०० वर असताना पंखा ९०० च्या वर जाईना. गरम झाल्यावर त्याने निदान पंधराशे धरायला हवे होते.

नवीन कपलिंग मागवलं. "तेल भरून चालू करून देतो" म्हणणारे भेटले. एक उन्हाळा जाईल कदाचित, पण मला हा प्रश्न परत नको.

१५ मार्च

नवं कपलिंग बसवून घाट. बाकी काहीही बदललं नाही. आडोशीनंतर फॅनचा आवाज आला, आबांनी दचकून आरशात पाहिलं.

शिखराला हवा ३४, पाणी ९९. फरक ६५. दिवा लागला नाही, पिकअप सुटलं नाही. आबा खूश, शेठ खूश, चहा झाला.

मी नाही. बाहेर ४२ झाले की हे १०७ होतात, आणि परत तिथेच. मॅनिफोल्डची हवाही अजून ७६. फॅन पूर्ण जोरात ओढतोय तरी इंटरकूलर गार होत नाही, म्हणजे फॅनच्या समोर अजून काहीतरी आडवं आहे. शेठना सांगितलं की दोन दिवस गाडी लागेल. मिळायला दहा दिवस गेले.

२६ मार्च

धुळवड झाल्यावर गाडी मिळाली. पुढची सगळी रांग उतरवली: ग्रिल, कंडेन्सर, इंटरकूलर, रेडिएटर.

ग्रिलच्या मागून पहिल्यांदा निघाली हिरवी शेडनेट, दुहेरी घडी करून तारेने बांधलेली. किडे येऊ नयेत म्हणून. आबांनी लगेच कबूल केलं आणि वर हेही सांगितलं की यार्डातल्या निम्म्या गाड्यांना ती आहे. खरं आहे, मी मोजायला गेलो नाही.

इंटरकूलरचा पुढचा भाग स्वच्छ. रेडिएटरची मागची, पंख्याकडची बाजूही स्वच्छ. टॉर्च मारून पाहिलं असतं तरी कोणीही "साफ आहे" म्हटलं असतं. दोघांच्या मधली चार बोटांची फट उघडली तेव्हा कारण समोर आलं. रेडिएटरच्या पुढच्या तोंडावर जाड लोकरीसारखा थर: इंजिनच्या ब्रीदरमधलं तेल, धूळ, गवताचं कुसळ, सिमेंट, किडे. खालचा एकतृतीयांश भाग तर पूर्ण बंद. नखाने पापुद्रा सोलून निघत होता.

यार्डात दर रविवारी गाडी धुतात, प्रेशरचा फवारा समोरून. इंटरकूलरमधली घाण सुटते आणि मागे जाऊन रेडिएटरवर बसते. मग पुढून चकचकीत दिसतं. आधीच्या गॅरेजने रॉडिंग केलं ते नळ्यांच्या आतून, आणि आत काही नव्हतंच, हे होजचा सात अंशांचा फरक सांगत होता. रेडिएटर उतरवून आतून साफ करायचा आणि बाहेरून न धुता परत बसवायचा, हे मला समजत नाही. असो.

धुण्याची रीत: डीग्रीझर फवारून अर्धा तास भिजवलं, मग साध्या नळाच्या दाबाने मागून पुढे, म्हणजे हवा जाते त्याच्या उलट दिशेने. प्रेशर गन लांब ठेवली, तिने फिन्स (रेडिएटरच्या पातळ पट्ट्या) लवतात आणि लवलेली फिन म्हणजे बंद फिन. वाकलेल्या होत्या त्या कंगव्याने सरळ केल्या. पाणी स्वच्छ यायला दुपार गेली.

आणखी एक गोष्ट सापडली. रेडिएटर आणि काउल (फॅनभोवतीचं आवरण) यांच्या कडेची रबरी पट्टी दोन्ही बाजूंनी गायब. फॅन आळशी असतो, हवा जिथून सोपी मिळेल तिथून ओढतो. कडेला फट असेल तर इंजिनाकडची गरम हवाच फिरून परत घेतो. नवी पट्टी लावली. काउलच्या वरच्या कोपऱ्यातला तडा रिव्हेट आणि पत्र्याने बंद केला.

रेडिएटर उतरवलाच होता म्हणून कूलंटही बदललं. निम्मं कॉन्सन्ट्रेट, निम्मं डीएम (क्षार काढलेलं) पाणी, बॅटरीचं मिळतं त्याच दुकानातलं. बोअरचं पाणी अजिबात नाही, आमच्याकडच्या बोअरचं पाणी बादलीला पांढरी रेघ सोडतं. म्हणजे आज एकदम तीन-चार गोष्टी बदलल्या, आणि कशाने किती अंश मिळाले याचा वेगळा हिशेब आता निघणार नाही. रेडिएटर परत परत उतरवायची शेठची तयारी नव्हती, माझीही.

हवा काढायला वेळ दिला. गाडीचं तोंड चढावर ठेवून, हीटर उघडा, वरचा ब्लीड स्क्रू सैल, बुडबुडे थांबेपर्यंत.

२९ मार्च

घाट. शिखराला हवा ३५, पाणी ९१. फरक ५६.

मॅनिफोल्डची हवा ५८. फॅनचा आवाज येत-जात राहिला, म्हणजे आता त्यालाच मधेमधे सुटी मिळतेय. बाहेर ४२ धरले तरी ९८. दिव्यापासून लांब.

आकडे लिहून कागद शेठच्या टेबलावर ठेवला.

३ एप्रिल

मध्येच एक नवीन प्रश्न. ट्रेलरचे टायर बदलायला घेतले म्हणून तीन नंबरच्या हॉर्सला दुसरा ट्रेलर लावला. वजन जवळपास तेवढंच. आबा वर जाऊन फोन करतात: "गाडी हलकी झाली. घाट लवकर चढली." स्कॅनरवर फरक मात्र ५६ च. पाण्याला काही कळलंच नाही.

जुना ट्रेलर परत लावून यार्डापासून शेडुंगपर्यंत सपाटीला नेला, ब्रेकला शक्यतो हात न लावता, आणि थांबून प्रत्येक ड्रमवर गन मारली. सगळे ६० ते ७५. मधल्या अ‍ॅक्सलचा डावा ड्रम १४८. जॅकवर घेऊन चाक फिरवलं तर घासतंय. ब्रेकचे लायनर ड्रमवर दाबणाऱ्या एस-कॅमचं बुश कोरडं पडलेलं, ब्रेक सोडल्यावर तो कॅम फिरवणारा दांडा, स्लॅक अ‍ॅडजस्टर, पूर्ण परत येत नव्हता. बुश बदललं, ग्रीस भरलं, लायनर बघितले, अ‍ॅडजस्टमेंट पुन्हा केली.

यार्डात लगेच चर्चा: "बघा, ट्रेलरचा ब्रेक धरत होता म्हणून इंजिन तापत होतं." ऐकायला बरोबर वाटतं, पण ट्रेलर बदलला तेव्हा काटा बदलला नव्हता, बदलला होता तो वेळ. चढात आबांचा पाय आधीच तळाला असतो. ब्रेक थोडा धरला तर इंजिन जास्त उष्णता करत नाही, गाडी हळू चढते. सपाटीला, जिथे पाय अर्धाच असतो, तिथे मात्र हा ब्रेक डिझेल खात होता. घाट उतरताना तापलेला ड्रम काय करतो ते वेगळं सांगायला नको. ब्रेक दुरुस्त करायलाच हवा होता, फक्त तो या तक्रारीचं उत्तर नाही.

१२ एप्रिल

पाडव्याच्या पूजेचा हार अजून ग्रिलवर, सुकलेला. काढायला लावला.

आज आबांबरोबर गिअरचा वाद. त्यांचं म्हणणं, वरच्या गिअरला आरपीएम कमी, डिझेल कमी, इंजिनला आराम. सपाटीला मान्य. चढात १२५० वर पाय दाबून धरला की पंप आणि फॅन दोन्ही त्याच मंद गतीने फिरतात, कारण दोघेही इंजिनच्याच पट्ट्यावर आहेत. स्कॅनर त्यांच्या हातात दिला. आडोशीनंतरचा चढ त्यांच्या पद्धतीने: फरक ६१ पर्यंत. मग एक गिअर खाली, १७०० च्या आसपास, पाय पाऊण: फरक ५५ ला येऊन थांबला. वेगात एखाद्या किमीचाही फरक नाही.

आबा बराच वेळ स्क्रीनकडे बघत होते. मग म्हणाले, "आवाज लई होतो पण." आवाज होतोच. फॅन काम करतोय त्याचा तो आवाज.

एक गोष्ट त्यांनी मला सांगितली, ती लिहून ठेवतो. गिअर चढाच्या पायथ्यालाच उतरवायचा, खोपोली एक्झिटच्या पुढे पहिला चढ लागतो तिथे, इंजिन अजून ८८-८९ ला असताना. काटा वर गेल्यावर उतरवला तर गाडी मध्येच वेग सोडते, मागचे हॉर्न मारतात आणि परत तो वेग मिळत नाही. हे कोणत्याही मॅन्युअलमध्ये मी पाहिलेलं नाही, पण पुढच्या फेरीत करून पाहिलं आणि सर्वांत वरचा आकडा दीड अंशाने कमी आला.

२५ एप्रिल

खालापूर टोलला हवा ४१. यंदाचा आतापर्यंतचा सर्वांत गरम दिवस. शिखराला हवा ३८, पाणी ९३. एसी चालू होता.

मिसिंग लिंकच्या (घाट टाळणाऱ्या नव्या रस्त्याच्या) कामाच्या गाड्यांमुळे खाली थोडी रांग होती. चढावर वीस मिनिटं थांबत-सरकत गेलो, तरी ९५ च्या वर गेलं नाही. थांबत-सरकत चढणं ही खरं तर सरळ चढण्यापेक्षा कठीण परीक्षा, वारा अजिबात नसतो. मिसिंग लिंकचा तो जवळपास नऊ किलोमीटरचा बोगदा सुरू झाल्यावर हा घाटच टळेल असं म्हणतात. अवजड गाड्यांना त्यातून कधी आणि कसं सोडतात ते तेव्हा बघू.

शेठनी आता बाकीच्या गाड्यांची पुढची रांग उतरवून धुवायला सांगितलंय, पावसाच्या आधी. रविवारचा प्रेशर वॉश समोरून मारणं बंद, तसा बोर्ड लावलाय. शेडनेट सगळ्यांच्या काढल्या. दोघांनी दुसऱ्या दिवशी परत बांधल्या.

२ मे

तीन नंबरची फाइल बंद. होजवरच्या वायरी काढून दोन नंबरच्या गाडीला लावल्या. तिची तक्रार उलटी आहे: घाट आरामात चढते आणि कामशेतच्या पुढे सपाटीला, वेग घेतला की गरम होते. काटा झटक्यात वर जातो, पाय काढला की झटक्यात खाली. खालचा होज बदलून कोणीतरी साधा, स्प्रिंग नसलेला टाकलाय, हात लावताच कळतं. उद्या रेस करून बघायचा, चपटा होतो का ते.